कोजागिरीपर्यंतचे जग

जगाचा शेवट तिथीवार ठाऊक असलेला आणि तरीही रोज सकाळी न चुकता तुळशीला पाणी घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शेजारचे मुन्शी. दिनांक १ मार्च १९३६, रविवार, सकाळी साडेनऊ वाजता, मी, माझी पत्नी आणि लुगड्यांचा गठ्ठा सोडून बसलेले मालेगावचे करीमचाचा असे तिघे हजर असताना मुन्शींनी माझ्याकडे ठेव म्हणून ठेवलेले चारशे रुपये परत मागितले. हे पैसे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, वत्सूच्या, लग्नाचे होते. दिंडोरीच्या एका शाळामास्तराशी तिचे ठरले होते आणि वैशाखातला मुहूर्त धरला होता. मुन्शींचे म्हणणे असे की येत्या कोजागिरीला जग संपत असल्यामुळे पाच महिन्यांच्या संसारावर चारशे रुपये खर्चणे बरे नव्हे, त्यापेक्षा त्या पैशांत गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, हजार माणसे जेवू घालावीत. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की माझी पत्नी चहाचे आधण ठेवायला उठली होती ती उंबऱ्यातच उभी राहिली. मी चाट पडलो. त्या वर्षी मी अनेकदा चाट पडलो, त्यातली ही पहिली वेळ.

मुन्शी म्हणजे देवळाली कँपात गोऱ्या अधिकाऱ्यांना मराठी आणि हिंदुस्तानी शिकवणारे गृहस्थ. बायको जाऊन दहा वर्षे झालेली, घरात ते आणि वत्सू. वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती साहेब भाषेच्या परीक्षेला बसून पास झाले याची त्यांच्याकडे यादी होती, आणि नापास किती झाले याचीही होती. माणूस असा नेमस्त. पण दोनेक वर्षांपूर्वी तोफखान्याचे एक मेजरसाहेब त्यांच्याकडे शिकू लागले आणि तिथून मुन्शींना शेवटाचा नाद लागला. हे मेजर महायुद्धात पॅलेस्टाईनला लढलेले. धर्मग्रंथावर त्यांची फार श्रद्धा. भाषांतराच्या सरावासाठी ते त्याच ग्रंथातली शेवटच्या युद्धाची पाने निवडत, आणि मुन्शी त्यांचे मराठी तपासता तपासता मजकुरात गुंतले. घरी येऊन त्यांनी आपली पोथी काढली, कली कुठवर आला आहे ते पाहिले, आणि मग रोजच्या वर्तमानपत्राची कात्रणे कापायला घेतली.

या कात्रणांसाठी त्यांनी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे केले होते. एकात युद्ध, एकात भूकंप, एकात अधर्म. हबसाणावरची, म्हणजे ॲबिसिनियावरची, इटलीची स्वारी पहिल्या डब्यात, बिहार आणि क्वेट्टा दुसऱ्यात. तिसरा डबा लवकर भरे, कारण त्यात पंचवटीतल्या चहाच्या हॉटेलांपासून सायकलवर बसणाऱ्या मुलींपर्यंत सगळे जाई. मी मिशी काढली त्या दिवशी कात्रण मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून टाकली. घरखर्चातही त्यांनी शेवटाचा अंदाज धरला होता. छत्रीची एक काडी मोडली तेव्हा दुरुस्तीवाल्याला त्यांनी सांगितले, एका पावसाळ्यापुरती बांधून दे, पितळी तार नको, सुतळी चालेल. दूधवाल्याकडे कोजागिरीपर्यंतचा रतीब लावला. माझ्या पत्नीने कैरीच्या लोणच्यासाठी नवी बरणी आणली तर म्हणाले, "वहिनी, मोठी बरणी कशाला? मुरायला वेळ कुठं आहे?" तिने विचारले की कोजागिरीला दूध आटवायचे की नाही. त्यावर त्यांनी थोडा विचार करून सांगितले, आटवा, पण जरा लवकर प्या.

एवढे सगळे होऊनही माणूस खट्टू नव्हता. जग जाणार म्हणून त्यांनी कुणाशी भांडण काढले नाही, उलट गल्लीतले दोन जुने अबोले मिटवले. मुंग्यांना साखर घालणे चालूच होते. आपल्याला ठाऊक झालेली गोष्ट शेजाऱ्यांना वेळेवर सांगणे हे कर्तव्य, एवढीच त्यांची भावना. उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगावे तसे ते सांगत.

तर त्या रविवारी मी त्यांना म्हटले की पैसे तुमचे आहेत, पण मी जमीनमोजणी खात्यात सव्वीस वर्षे काढली आहेत, आकडा तपासल्याशिवाय मी सही करत नाही. तेव्हा आधी गणिताचे उदाहरण दाखवा. त्यांनी आनंदाने वही आणून दिली. मग करीमचाचांनी लुगड्यांच्या घड्या बाजूला सारून विचारले की शेवटानंतर उरणार कोण. मुन्शींनी मेजरसाहेबांच्या मते कोण उरणार ते सांगितले आणि स्वतःच्या पोथीप्रमाणे कोण उरणार तेही सांगितले. चाचांनी त्यांच्या मौलवींकडून ऐकलेले सांगितले. मी कागदावर तीन रकाने पाडून लिहून घेतले. तिन्ही याद्यांत समाईक असे एकही नाव नव्हते. पहिल्या यादीप्रमाणे आम्ही चौघेही गेलो, दुसरीप्रमाणे हिमालयातले काही ऋषी तेवढे राहिले आणि तिसरीप्रमाणे चाचा राहिले, तेही त्यांनी नमाज चुकवला नाही तर. तिन्ही याद्या खऱ्या धरल्या तर पृथ्वीवर कोणीच उरत नव्हते. मी हे मोठ्याने वाचले तेव्हा सगळे हसलो, मुन्शीही हसले.

चाचा मात्र घड्या परत लावताना म्हणाले, "मुन्शीजी, तारीख तो अल्लाला मालूम, आपल्याला नाय. माझ्या मागावर वत्सूबेटीचं हिरवं लुगडं चढलंय. ताणा लावला की पुरं विणूनच उतरवायचं असतं. कयामत आली तरी अर्धं लुगडं उतरवता नाय येत."

मुन्शींना हे पटले नाही, पण त्यांनी चाचांना दुसरा चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

संध्याकाळी वत्सू आमच्याकडे आली. सतरा वर्षांची, बापासारखीच नेमस्त पोर. तिला बापावर रागावता येत नव्हते, कारण त्याने तिला कधी काही कमी केले नव्हते, आणि शेवटाच्या आधी तिला गोडधोड खाऊ घालण्याचाही त्याने सपाटा लावला होता. ती माझ्या पत्नीला म्हणाली, "काकू, जग बुडायचं ते बुडू दे. पण दिंडोरीची माणसं पाडव्यानंतर याद्या करायला येणार आहेत, त्यांना काय सांगू?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, ते पैसे तुमच्याकडे आहेत तोवर माझं लग्न आहे." मी तिला पाडव्यापर्यंतची मुदत दिली. म्हणजे खरे तर स्वतःलाच दिली, कारण मुन्शींची वही एकशे बारा पानांची होती.

उदाहरण असे होते. मेजरसाहेबांच्या ग्रंथावरून काही विद्वानांनी दोन हजार पाचशे वीस वर्षांचा एक काळ काढला होता, आणि त्यातले प्रत्येक वर्ष तीनशेसाठ दिवसांचे होते. मुन्शींनी पाहिले की आपल्या पंचांगाचे वर्षही तीनशेसाठ तिथींचे. साहेबाचा ग्रंथ आणि आपले पंचांग सात समुद्रांपलीकडून एकमेकांना येऊन मिळाले, हा योगायोग कसा असेल? मग त्यांनी काळ पंचांगाच्या वर्षांत घेतला, ग्रंथातल्या त्याच्या आरंभापासून तिथी मोजत मोजत खाली आले आणि १९३६ च्या आश्विन पौर्णिमेला थांबले. मी त्यांना पंचांगातली कलीची ओळ दाखवली. त्यात पाच हजार छत्तीस वर्षे गेली आणि चार लाख सव्वीस हजार नऊशे चौसष्ट उरली असे स्पष्ट छापलेले होते. ते म्हणाले, "भाऊसाहेब, ते आकडे लोकांनी घाबरू नये म्हणून छापतात."

पंधरा दिवस मी बेरजा तपासल्या. चूक सापडेना. दरम्यान जर्मन फौज ऱ्हाईनकाठी शिरल्याची बातमी आली आणि पहिल्या डब्याचे झाकण लागेना. शेवटी मी मुन्शींना म्हटले की मला मूळ कागद पाहायचे आहेत, मेजरसाहेबांकडे घेऊन चला. पुढच्या रविवारी नाशिकरोडहून पॅसेंजर गाडीने आम्ही देवळालीला गेलो.

मेजरसाहेब उंच, शांत, केस पिकलेले गृहस्थ होते. बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतःच्या हाताने चहा ओतला. मुन्शींच्या डोळ्यांच्या औषधाची चौकशी केली. ते औषध त्यांनीच मुंबईहून मागवून दिले होते. मला हा माणूस आवडला, हे आधीच सांगून ठेवतो. मी तारखेचा विषय काढताच ते हसले. मुन्शींनी शिकवलेल्या स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाले, "तारखेत मला रस नाही. मी तोफखान्याचा माणूस आहे. मला अंतर लागते."

मग मी मोजणी खात्यात आहे हे कळल्यावर त्यांनी आतून एक गुंडाळलेला नकाशा आणला. पॅलेस्टाईनमधले एक मैदान, त्याच्या कडेला टेकडी. याच जागी शेवटचे युद्ध होणार असे त्यांच्या ग्रंथात आहे, आणि महायुद्धात तिथूनच त्यांनी आपली तोफांची तुकडी नेली होती. परत आल्यावर त्यांनी फावल्या वेळात त्या मैदानाचा आराखडा काढला होता. कुठल्या उंचवट्यावर कुठली तोफ, तिथून रस्ता किती यार्डांवर, ओढा किती, तोफांची तोंडे किती अंशांवर, सगळे बारीक अक्षरात लिहिलेले. कवायतीसाठी काढलेला नकाशा हा नव्हता. हा त्या दिवसासाठी काढलेला होता. ते म्हणाले, आपण तपासून पाहाल का? मला सवय अशी की समोर नकाशा आला की हात आपोआप पट्टीकडे जातो. मी दहा ठिकाणची अंतरे प्रमाणावरून काढून पाहिली. एकही चूक नव्हती. मुन्शींच्या वहीत शेवटाची तिथी होती, इथे त्याची मोजणी पुरी झालेली होती.

मोजणी करणारा माणूस रिकामी जमीन आधी पाहत नाही, वस्ती आधी पाहतो. नकाशावर लहान लहान काळे चौकोन होते, मी चौदा मोजले. मी विचारले, "ही गावं ना? वस्ती किती आहे यांत?"

मेजरसाहेबांनी माझ्याकडे मी गैर काही विचारल्यासारखे मुळीच पाहिले नाही. सौम्यपणे म्हणाले, "तो आकडा या कामाला लागत नाही."

मी पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी मला समजावून सांगितले की ज्यू लोक त्या देशात परत जाऊ लागले आहेत हे चिन्ह आहे, आणि युरोपातल्या परिषदांत शस्त्रे कमी करण्याच्या गप्पा चालतात तेही एक चिन्हच आहे, पण खोट्या शांततेचे. अशा तहांना विरोध करावा म्हणून ते विलायतेतल्या ओळखीच्या लोकांना दर डाकेने पत्रे लिहीत. त्यांतले दोघे पार्लमेंटात बसतात आणि दोघांनाही हे पटते, असे ते म्हणाले. मग जरा थांबून, शब्द निवडत, ते म्हणाले, "जे होणारच आहे ते टाळू पाहणारे लोक देवाच्या वाटेत उभे राहतात. त्यांना बाजूला केले पाहिजे."

मुन्शींनी अभिमानाने माझ्याकडे पाहिले. वाक्य निर्दोष होते. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी, परीक्षकाने पूर्ण गुण द्यावेत असे. मास्तराला शिष्याचे वाक्य ऐकू आले, अर्थ ऐकू आला नाही. मला मात्र अर्थच ऐकू आला. इतके दिवस मी समजत होतो की जगाचा शेवट हा आमच्या गल्लीतला मामला आहे, छत्रीच्या सुतळीचा आणि लोणच्याच्या बरणीचा. त्याची वाट पाहणारी माणसे तोफांजवळ बसलेली असतात आणि पार्लमेंटातही बसलेली असतात, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. मुन्शी शेवट येणार म्हणून माणसे जेवू घालायला निघाले होते. हा भला माणूस शेवट यावा म्हणून तह मोडायला निघाला होता.

परतीच्या गाडीत मी मनात ते चौदा चौकोन पुन्हा मोजत होतो. मुन्शी म्हणाले, "साहेब फार चांगला आहे हो." मी म्हटले, "चांगला आहे, तीच तर पंचाईत आहे."

पाडवा आला. गुढी उभारून झाल्यावर माझ्या पत्नीने नवे पंचांग उघडले आणि पहिल्याप्रथम तिने जे पाहिले ते आमच्या घरात दर वर्षी पाहिले जाते, यंदा अधिक महिना आहे का. होता, भाद्रपद अधिक. आमची थोरली निफाडला दिलेली, म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचे वाण आले. त्यासाठी तांदूळ किती भिजवायचे याचा विचार करता करता ती सहज म्हणाली, "अहो, मुन्शीभाऊजींनी हे अधिक महिने धरले आहेत का हिशेबात?"

मी वही उघडली. धरले नव्हते. एकशे बारा पानांत कुठेही धरले नव्हते. प्रत्येक वर्ष बारा महिन्यांचे, तीनशेसाठ तिथींचे, सरळ. जन्मभर पंचांग वापरणारा माणूस अधिक महिना विसरतो कसा, या प्रश्नाचे उत्तर माझ्या पत्नीने तिथेच दिले. म्हणाली, "त्यांच्या घरी जावई कुठं आहे आठवण करून द्यायला?" आणि मीही पंधरा दिवस वही चाळून ते पाहिले नव्हते, कारण अनारसे आमच्या घरी होतात हे मला ठाऊक असते, ते का होतात हे तिला ठाऊक असते.

एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, या मानाने दोन हजार पाचशे वीस वर्षांत नऊशे अठ्ठावीस. तेवढे महिने मुन्शींनी गाळले होते, म्हणजे त्यांचा शेवट पंच्याहत्तर वर्षे अलीकडे आला होता. मी ताळा दोनदा करून पाहिला आणि कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. वत्सू दारात गुढीपुढची रांगोळी पुरी करत होती, ती हात थांबवून ऐकू लागली.

मुन्शींनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. इतका हादरलेला माणूस मी पाहिला नाही. जग संपणार हे ज्याने दोन वर्षे शांतपणे सांगितले, तो जग राहणार हे ऐकून घामाघूम झाला. "पंच्याहत्तर?" ते म्हणाले. मी म्हटले, थोडेसे वरच. त्यांनी वत्सूकडे पाहिले, बोटांवर मोजले. "म्हणजे ही ब्याण्णव वर्षांची होईल." मग म्हणाले, "भाऊसाहेब, मग हिचं लग्न करायला हवं. एकटी कशी काढील एवढी वर्षं?"

वत्सूने मान खाली घातली आणि रांगोळीतली राहिलेली टिंबे भरू लागली.

लग्न वैशाखात झाले. चाचांनी हिरवे लुगडे वेळेवर आणून दिले आणि पंगतीला मुन्शींनी त्यांना आग्रहाने आपल्याजवळ बसवले. कोजागिरीला आम्ही दूध आटवले. मुन्शी आले, एक पेला प्याले, आणि त्या महिन्यात त्यांनी छत्रीला पितळी तार घालून घेतली. कात्रणे हळूहळू बंद झाली. बिस्किटांच्या डब्यांत वत्सूच्या सासरी पाठवायचे मेतकूट, सांडगे आणि चकल्या भरून जाऊ लागल्या.

मेजरसाहेबांची बदली झाली ती पॅलेस्टाईनलाच. तिथे त्या वेळी दंगली आणि बंड चालू होते. अडतीस साली त्यांचे मुन्शींना मराठीत पत्र आले. अक्षर सुरेख होते. लिहिले होते, "नकाशा बरोबर निघाला. आपल्या मोजणी खात्यातील मित्रांना माझे आभार कळवावेत." मुन्शींनी ते मला वाचून दाखवले आणि या वेळी वाक्याची तारीफ केली नाही. मी सांगितल्यावरून त्यांनी उत्तर लिहिले आणि त्यात त्या चौदा गावांची वस्ती किती, हे विचारले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

यंदा, एकोणचाळीसच्या पावसाळ्यात, पुन्हा अधिक महिना आला. मुन्शींच्या घरी पहिल्यांदाच जावयासाठी वाण निघाले. पहिल्या अधिकात लग्न नवे म्हणून माझ्या पत्नीनेच पुढे होऊन सगळे केले होते, या वेळी मुन्शींनी हट्टाने स्वतः बसून तळले. जाळी पडेना म्हणून सतरा अनारसे फुकट गेले, ते मी आणि ते दोघांनी मिळून खाल्ले. चांगले तेहतीस दिंडोरीला गेले. त्यानंतर महिनाही झाला नसेल, युरोपात लढाई सुरू झाल्याची तार आली.

मला वाटले, मुन्शी आता वही काढतील आणि म्हणतील की तीन वर्षांनीच चुकलो. संध्याकाळी ते आले खरे. हातात वही नव्हती. ओट्यावर बसले. देवळालीहून तोफा मुंबईच्या गाडीवर चढवत असल्याचे कुणीतरी सांगत होते. ते ऐकून मुन्शींनी मला विचारले, "भाऊसाहेब, पुढचा अधिक कधी?"

मी म्हटले, बेचाळीस साली, ज्येष्ठात.

त्यांनी कमरेच्या चंचीतून अकरा रुपये काढून माझ्यापुढे ठेवले. जावयाच्या पुढच्या वाणाची दक्षिणा, आतापासून ठेव. म्हणाले, "तुमच्याकडे आहेत तोवर बेचाळीस साल आहे." मी पैसे मोजून घेतले आणि पावती लिहिली. मुन्शींकडून अकरा रुपये मिळाले, जावयाला द्यायचे, ज्येष्ठ अधिक, १९४२. आजवर हजारो पावत्या लिहिल्या, पुढच्या सालाचा आकडा लिहिताना माझी लेखणी थांबली ती याच पावतीवर.